शेवंताबाईंच्या टोळीची कॅप्सूल

मी आरोग्य खात्यात नर्स होते. खात्याच्या कागदावर माझं पद लांबलचक होतं, पण भंडारा जिल्ह्यातल्या ज्या ज्या उपकेंद्रात मी राहिले, तिथे मला 'सुईवाली बाई' हेच नाव पडलं. लेकरं मला पाहून आजीच्या लुगड्यात तोंड लपवायची. "चूप बस, नाई तं सुईवाल्या बाईले बोलावतो" असं म्हणून मोठ्यांनी घराघरांत माझा बागुलबुवा करून ठेवला होता. एवढा दरारा तहसीलदाराचाही नव्हता.

या दरारेवाल्या बाईला एका गोष्टीची मात्र सक्त मनाई होती. औषधाची चिठ्ठी लिहायची नाही. लोहाच्या गोळ्या, तापाची साधी गोळी, जुलाबाची पुडी, खातं देईल तेवढं वाटायचं आणि बाकी सगळं डॉक्टरांच्या सहीनं. लोक विचारायचे, "मंग बाई, तुमी करता काय?" मी सांगायचे, "मी चौकशा करते." लोक हसायचे, मीही हसायचे. पण खरं सांगते, माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं यश या चौकशांचंच आहे, आणि ते ज्या औषधाच्या बाबतीत मिळालं ते औषध मी जन्मात कुणाला लिहून दिलेलं नाही.

अफूच्या घराण्यातली काही औषधं असतात. काही अफूपासून काढलेली, काही कारखान्यात बनवलेली, पण स्वभाव सगळ्यांचा सारखाच. ऑपरेशननंतरच्या दुखण्यात, कॅन्सरच्या वेदनेत ती देवासारखी धावून येतात आणि तिथे ती रुग्णाला मिळालीच पाहिजेत. अडचण पुढे होते. दुखणं बरं होतं, पण गोळी सुटत नाही. अंगाला तिची सवय लागते. मिळाली नाही की घाम, कापरं, नाक गळणं, अंग मोडून येणं, जिवाची नुसती तगमग. जास्त झाली की झोप, आणि त्या झोपेत श्वास मंद होत जातो. डॉक्टरांसमोर माणूस बसतो जेमतेम पाच मिनिटं. त्यानंतर तो आमच्यासारख्यांच्याच नजरेसमोर असतो. नर्स, आशाताई, खिडकीतून औषधं देणारा, मालिश-व्यायाम शिकवणारी. गोळी लिहिणं आमच्या हातात नाही, पण ती कुठे गेली, कोणी खाल्ली, संपली की उरली, हे आम्ही नाही बघायचं तर कोणी?

लाखनीजवळच्या उपकेंद्रात असताना हायवेवरचे ट्रक ड्रायव्हर यायचे. एकदा एक उंचापुरा ड्रायव्हर आला. त्याला खोकल्याचं एक ठरावीक औषध पाहिजे होतं, अगदी नावासकट. मी म्हटलं, "खोकून दाखवा." त्याने छातीवर हात ठेवून असा खोकला काढला की आमच्या झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांनी त्याला तिथल्या तिथे काम दिलं असतं. मी म्हटलं, "भाऊ, हा खोकला दारातून आत आल्यावर सुरू झाला." आधी तो चिडला, मग बाकावर मटकन बसला. त्या बाटलीशिवाय त्याला स्टिअरिंग धरवत नव्हतं. मी चहा पाजला, डॉक्टरांचं नाव सांगितलं, हा आजार आहे आणि त्यावर इलाज आहे हे समजावलं. "परतीच्या खेपेला नक्की थांबतो," म्हणाला. तो थांबला की नाही मला कधी कळलं नाही. बदली होईपर्यंत मी त्या निळ्या ट्रकची वाट बघत होते. ही रुखरुख अजून आहे.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. कुठल्याही घरी गेले की म्हणायचे, "पिशवी आणा." आपल्याकडे घरोघरी खुंटीला एक पिशवी लटकत असते, मागच्या सगळ्या आजारपणांतल्या उरलेल्या गोळ्यांची. ती मी सुपात ओतायला लावायचे आणि तांदळातले खडे निवडावेत तशा गोळ्या निवडायचे. मुदत संपलेल्या बाजूला, लागणाऱ्या घरात, धोक्याच्या दवाखान्यात परत. तलावावर मासे धरणाऱ्या एका घरी अशीच एक रिकामी पट्टी निघाली. खांद्याच्या ऑपरेशननंतर मिळालेली जबर गोळी त्या बाबाने सगळ्या सोबत्यांना वाटून टाकली होती. "मासोळी वाटून खातो तं गोळी काहून नाई?" असं त्याने मलाच विचारलं. इकडच्या माणसांची ही रीतच आहे. आपल्याला गुण आला की शेजाऱ्याला ते दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

शेवंताबाईंच्या बाबतीत हेच झालं.

लाखनीहून माझी बदली पवनीकडे झाली, तिथे आसगावच्या बाजूला त्यांचं गाव आहे. नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथे पाहुणचाराला जायचं असतं. शेवंताबाई तिथल्या रोवण्याच्या टोळीच्या म्होरक्या. ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, धानाचं रोप आधी एका तुकड्यात दाट वाढवतात, त्याला पऱ्हे म्हणतात. मग ते उपटून चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यात, हाताने रोवतात. दिवसभर कमरेत वाकून, चिखलात मागे मागे सरकत, पाठीवर पाऊस झेलत. हा रोवणा. बायकांच्या टोळ्या हे काम हुंड्यानं घेतात, म्हणजे अख्खं शेत एकदम ठरवून. लवकर आटोपलं की पुढचं शेत धरता येतं. त्यामुळे ज्या टोळीची कंबर दुखत नाही, तिच्या दारात शेतकऱ्यांच्या मोटारसायकली उभ्या.

त्या वर्षी शेवंताबाईंच्या टोळीची कंबर दुखतच नव्हती. सगळीकडे त्यांचीच वाहवा. मलाही कौतुक वाटत होतं, कारण बाई माझ्या खास मर्जीतल्या. आवाज असा की दोन बांध्यांपलीकडचा बैल थबकावा, पदर कायम खोचलेला, आणि गावात कुणाचं बाळंतपण अडलं की दवाखान्यात न्यायला माझ्याआधी हजर. त्यांची सून माधुरी पहिलटकरीण होती. तिलाही त्यांनी वेळेत दवाखान्यात आणलं, मुलगी झाली तेव्हा पेढे वाटले. रोवणा लागला तशी माधुरी टोळीत परत गेली, आणि मुलीची झोळी बांधीच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, पळसाला.

लसीकरणाचा दिवस होता. अंगणवाडीत नुसता गोंधळ, एकाने सूर लावला की बाकीचे साथीला. माधुरीची मुलगी साडेतीन महिन्यांची झालेली. मी सुई टोचली. तिने ओठ जरासे मुडपले, "ऊं" केलं आणि पुन्हा डोळे मिटले.

"किती गुनाची पोट्टी वं!" बाजूची बाई म्हणाली.

"मंग! माही नात हाये," शेवंताबाईंची छाती फुगली. "दिवसभर झोळीत निजून रायते. आईले, आजीले काम हाये म्हनून समजते तिले."

मी मात्र पुढचं लेकरू थांबवलं. सुई टोचली की लेकरानं बोंबलायचं असतं. एवढी वर्षं मी तेच ऐकत आले होते, आणि टोचूनही न रडणारं बाळ मला कधीच गुणी वाटलं नाही. मी तिला मांडीवर घेतलं. हातपाय सैल. दूध पाजायला सांगितलं तर दोन घोट घेऊन तोंड तसंच उघडं. वजन मागच्या वेळेपेक्षा वाढलेलं नाही म्हटलं तरी चालेल. छातीवर हात ठेवला तर श्वास सावकाश, फारच सावकाश. मी माधुरीला म्हटलं, "चल, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे."

शेवंताबाई भडकल्या. "काहून जी बाई? चांगल्या लेकराले काहून बिमार करता? नजर लागन तिले. आन आज बांधी अर्धी रायली हाये. माधुरी नाई आली तं टोळी अडते."

"टोळी अडू द्या. मी तुमच्याशी भांडायला नंतर मोकळी आहे," असं म्हणून मी बाळाला छातीशी धरलं आणि चालू लागले. माझा हा स्वभाव नवऱ्यालाही पटत नाही, पण त्या दिवशी तो कामाला आला. भांडत भांडत का होईना, शेवंताबाई मागे आल्या.

जवळच्या आरोग्य केंद्रातले आमचे डॉक्टर वयाने माझ्या मुलाएवढे, पण डोकं शांत. त्यांनी बाळाला नीट तपासलं. ताप नाही, झटका नाही. बाळाला काही चाटवलं का? नाही. गुटी, काढा? नाही. मग माधुरीला विचारलं, "तुम्ही काही औषध घेता?"

"नाई जी. काईच नाई."

डॉक्टर मला बाहेर घेऊन आले. म्हणाले, "सिस्टर, डोळ्यांतल्या बाहुल्या बारीक झाल्या आहेत. मला संशय वेगळाच येतोय. पण ती माझ्यासमोर घाबरून गेली आहे. मी रुग्णवाहिका बोलावतो आणि बाळाजवळ थांबतो. तुम्ही तिच्याशी बोला."

मी माधुरीला घेऊन व्हरांड्यात बसले. औषध हा शब्दच काढला नाही. म्हटलं, "माधुरी, सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय गेलं ते सांग. पाणीसुद्धा सोडू नको."

"उठली, दात घासले. चाय घेतली. मंग सैपाक केला. बांधीवर गेलो, तिथं चाय आन टोळीची गोळी. मंग..."

"थांब. कसली गोळी?"

"थे नाई का, रोवन्याची. आत्या देते सगळ्यायले." आत्या म्हणजे सासू, इकडे तसंच म्हणतात.

"अगं, मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा का नाही बोललीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच काही वेड्यासारखं विचारलं असावं. "साहेबानं दवाई विचारली ना जी. थे कुठं दवाई हाये? आमी कुठं बिमार हाओ?"

तिचं काही चुकलं नव्हतं. औषध आजारी माणूस घेतो आणि ती तर रोज कामावर जात होती. मी विचारलं, दिवसातून किती. सकाळी एक, जेवल्यावर एक. "आन मले सांजी आखीन एक देते आत्या. बारतपनात अंग कमजोर झालं म्हनून. लय लाड करते माहा." हे सांगताना ती हसली. मला त्या हसण्याचं जे वाटलं ते मी इथे लिहू शकत नाही.

मी शेवंताबाईंसमोर जाऊन उभी राहिले. "रोवण्याची गोळी दाखवा." त्यांनी बिनदिक्कत कमरेची थैली सोडली आणि पट्टी काढली. गेल्या वर्षी त्यांच्या नवऱ्याच्या पायाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मोजक्या दिवसांसाठी ती कॅप्सूल मिळाली होती. काही उरल्या. यंदा रोवण्यात कंबर धरली तेव्हा बाईंनी एक घेतली आणि कंबर गायब. मग मैत्रिणींना दिली. मग रिकामी पट्टी दाखवून बाजारगावच्या एका दुकानातून आणखी आणली, दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही. मग सकाळच्या चहासोबत सगळ्या टोळीला रोजची. डॉक्टरांनी पट्टीवरचं नाव वाचलं आणि डोळे मिटून घेतले.

त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. ही अफूच्या घराण्यातली गोळी आहे. आई घेते ते दुधातून बाळाला जातं. आईचं अंग सोसतं, बाळाचं सोसत नाही. बाळ गुणी नाही, गुंगीत आहे.

शेवंताबाई दवाखान्याच्या फरशीवर बसल्या. त्यांचा तो आवाज कुठे गेला कोण जाणे. अगदी बारीक आवाजात मला म्हणाल्या, "बाई, म्हंजे मीनंच पाजलं का तिले?"

मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. खोटं बोलवेना. म्हटलं, "तुम्ही कंबर दुखू नये म्हणून दिली. तुम्हाला माहीत नव्हतं, आता झालं. उठा, गाडी आली आहे."

रुग्णवाहिकेत माधुरी, शेवंताबाई, मी आणि मांडीवर ते सव्वा वितीचं लेकरू. डॉक्टरांनी बजावलं होतं, श्वास लांबला की तळपायाला टिचक्या मारायच्या, तिला झोपू द्यायचं नाही. पवनी सोडली तेव्हा श्वास लांबू लागला. मी टिचकी मारली, तिने पाय ओढला. पुन्हा लांबला. शेवंताबाईंनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः टिचक्या मारू लागल्या. ज्या आजीने नातीला साधा धक्का लागू दिला नसता ती तिच्या तळव्यावर टिचक्या मारत होती आणि म्हणत होती, "रड वं माय. रड ना वं. मले शिव्या दे, पन रड." माधुरी खिडकीला डोकं टेकून हमसून हमसून रडत होती. भंडारा कधी नव्हे एवढं लांब वाटलं. मी परिचारिका असूनही त्या गाडीत मला फक्त देव आठवत होता.

भंडाऱ्याला मोठ्या दवाखान्यात सगळे तयारच होते, आमच्या डॉक्टरांनी फोन करून ठेवला होता. बाळाला नळ्या लागल्या, श्वासावर पहारा बसला. आईचं दूध काही काळ बंद, दुसरं दूध सुरू. ती गुंगी हळूहळू उतरली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथली नर्स रक्त घ्यायला आली. तिने सुई टोचली आणि आमच्या पोरीनं जो टाहो फोडला! सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. शेवंताबाई उठल्या, हसू लागल्या, रडू लागल्या, पलीकडच्या खाटेवरच्या अनोळखी बाईला गळामिठी मारून म्हणाल्या, "माही नात रडली वं बाई! माही नात रडली!" त्या बाईला काही कळेना, पण तिनेही यांची पाठ थोपटली. मी बाहेर जाऊन चेहऱ्यावर पाणी मारलं आणि डॉक्टरांना फोन केला. आतला टाहो बाहेरही ऐकू येत होता. तेच म्हणाले, "रडलं ना? मला ऐकू येतंय."

इथे गोष्ट संपली असती तर मी ही लिहिलीच नसती. लेकरू वाचलं, पण गोळी तर अजून त्याच घरात होती, त्याच टोळीत होती, आणि रोवणा अर्धा उरला होता. माधुरी घरी येणार ती त्याच बांधीवर, त्याच चहावर. गावात जाऊन बघते तर टोळीतल्या बायका अंथरुणाला खिळलेल्या. वाटणाऱ्या शेवंताबाई भंडाऱ्याला, गोळी बंद झालेली, म्हणून कुणाला कापरं, कुणाला झोप नाही, कुणी उगाचच नवऱ्यावर वसवसतेय. साथ आली म्हणून सरपंच मला फवारणी करायला सांगत होते.

डॉक्टर स्वतः आले. एकेकीला तपासलं. ज्यांची सवय जास्त होती त्यांची गोळी एकदम न तोडता कशी उतरवायची ते ठरवून दिलं. ते ठरवणं त्यांचं, आणि ती मोजकी गोळी रोज जिच्या तिच्या हातावर ठेवणं आशाताईचं आणि माझं. जवळ दुसरी गोळी ठेवायची नाही. पिशव्या निघाल्या, सुपं निघाली. बायका माझ्यावर खवळल्या. कौसल्या नावाची एक तोंडाळ बाई तोंडावरच म्हणाली, "आमची कंबर का तुमी धरान, बाई? तुमच्यापायी रोवना बुडन."

तेवढ्यात मागून शेवंताबाई आल्या. भंडाऱ्याहून नुकत्या परतलेल्या, लुगडंही बदललेलं नाही. त्यांनी काही भाषण केलं नाही. गाडीत काय झालं ते सांगितलं, टिचक्या कशा मारल्या ते स्वतःच्या तळहातावर मारून दाखवलं. मग म्हणाल्या, "तुमाले गोळी मीनं देल्ली. आता मीनंच म्हनते, नाई घ्याची. ज्याले घ्याची असन त्यानं दुसरी टोळी पाहावी."  कौसल्याच पुढे होऊन म्हणाली, "मंग कंबरेचं काय करा लागते थे तं सांगा."

 मी तालुक्याच्या रुग्णालयातल्या फिजिओथेरपीच्या मुलीला गळ घातली. तीही आमच्याच पंगतीतली, तिलाही चिठ्ठी लिहायची मनाई. शहरातली पोर, पण हिंमतीची. म्हणाली, आधी मला काम करून बघू द्या. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून बांधीत उतरली, चार रोपं रोवली आणि पाचव्याला चिखलात बूड टेकून बसली. टोळी हसून हसून लोळायची बाकी होती. कौसल्याने तिला हात देऊन उठवलं आणि तिथेच त्यांची दोस्ती झाली. तिने सांगितलं ते अगदी साधं. एकाच बाईने दिवसभर वाकायचं नाही. पऱ्हे उपटणारी आणि रोवणारी यांनी कामं अदलून बदलून करायची. थोड्या थोड्या वेळाने सगळ्यांनी मिळून सरळ उभं राहायचं, हात कमरेवर ठेवून मागे झुकायचं. वाकताना गुडघे थोडे सैल. संध्याकाळी गरम पाण्याने शेक. दुखणं पायात उतरलं तर डॉक्टर. गाणं म्हणतच रोवायची सवय होती, म्हणून बायकांनी ठरवलं, गाणं संपलं की उभं राहायचं. मग काय, गाणी आखूड झाली.

दुकानाचं काम राहिलंच होतं. आमच्या दवाखान्यातल्या औषध निर्माण अधिकाऱ्यांनी, म्हणजे औषधांच्या खिडकीतल्या भाऊंनी, वर रीतसर कळवलं होतं आणि पुढे तपासणीही झाली. पण शेवंताबाईंना तेवढा धीर कुठला? बाजाराच्या दिवशी त्या टोळीसकट दुकानासमोर उभ्या राहिल्या. मी त्यांना आवरायला गेले होते असं म्हणायला हरकत नाही.

"ओळखलं का मले?" त्यांनी विचारलं. तो मूळचा आवाज परत आला होता, मिरच्या विकणारीसुद्धा तागडी सोडून बघायला आली. "तुह्या डब्ब्यातल्या गोळीनं माही नात मरता मरता वाचली. देल्ली मीनं, मांगतली मीनं, माहं चुकलंच. पन तुनं चिठ्ठी काहून नाई मांगतली रे बापा? तू तं शिकला हायेस! उद्यापासून चिठ्ठीबिना कोनाले देशील, तं पुऱ्या टोळीचा रोवना तुह्या दुकानापुढं लावीन. इथंच चिखल करीन आन इथंच पऱ्हे गाडीन."

 पुढच्या बाजारी दुकानावर पाटी लागली होती, चिठ्ठीशिवाय औषध मिळणार नाही. अक्षर घाईत काढलेलं होतं, पण मला ते फार देखणं वाटलं.

त्या वर्षी टोळीने शेतं कमी केली, पण कुणी खाट धरली नाही. कौसल्याची गोळी सगळ्यात शेवटी सुटली. तिने दोनदा माघार घेतली आणि दोनदा स्वतःच येऊन सांगितलं, याचंच मला जास्त कौतुक. माधुरीची गोळी पुरती सुटली, डॉक्टरांनी हो म्हटलं आणि तिचं दूध पुन्हा सुरू झालं. बाळ दिसामासांनी नाही, दिवसादिवसाने भरू लागलं.

शेवटच्या शेताच्या दिवशी मी मुद्दाम बांधीवर गेले. माधुरी त्याच दिवशी कामावर आली होती, पऱ्हे उपटायच्या बसत्या कामावर. शेताचा मालक धुऱ्यावर येरझाऱ्या घालत होता. माणूस वाईट नव्हता, पण पावसाची उघडीप बघून त्याचा जीव खालीवर होत होता. शेवटी त्याने खिशातून कुठूनशी मिळवलेली एक करकरीत पट्टी काढली.

"शेवंताबाई, रोवना लागला तेवा बाजूचं शेत कसं झपाट्यानं झालं होतं! घ्या, या वक्ती कॅप्सूल माह्याकडून. आज आटोपून टाका."

टोळीचे हात थांबले. मी पाहत होते. कौसल्याने एकदा पट्टीकडे पाहिलं, एकदा शेवंताबाईंकडे. ज्यांनी कुणी हे व्यसन जवळून पाहिलं आहे त्यांना ते पाहणं कळेल. मी तोंड उघडणार होते, पण माझ्याआधी पळसाखालच्या झोळीतून आवाज आला. आधी एक कुरकुर, मग दणदणीत, रागावलेलं, भुकेचं रडणं. अख्ख्या शिवारात घुमलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

शेवंताबाईंनी चिखलाचा हात मालकापुढे आडवा धरला. "थांबा जी जरासे. पैले असली मालकीन काय म्हनते थे पाहू द्या."

गाणं अर्ध्यावर होतं, तरी सगळी टोळी कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली. माधुरीने बांधीच्या पाण्यात हात धुतले आणि झोळीकडे निघाली. मालकाने पट्टी खिशात घातली आणि धुऱ्यावरून बाजूला होऊन तिला वाट दिली.